पाळी गेल्यावर बधिरपणा न येता आग का होते? लैंगिक संप्रेरके आणि प्रजनन अवयवांचे मज्जातंतू

पुण्यात फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके प्रजनन अवयवांतील मज्जातंतूंची वाढ घडवतात, असे तिला वर्गात शिकवले गेले. तसे असेल, तर इस्ट्रोजेनची पातळी अतिशय वाढलेली असते त्या गरोदरपणात गर्भाशयातले मज्जातंतू विरळ का होतात? आणि पाळी गेल्यावर, म्हणजे इस्ट्रोजेन जवळजवळ संपल्यावर, तिच्या ५२ वर्षांच्या आईला योनीमार्गात बधिरपणा येण्याऐवजी आग का होते? आईला स्त्रीरोगतज्ज्ञांनी इस्ट्रोजेनचे क्रीम लिहून दिले आहे. ते लावल्याने मज्जातंतू वाढून आग आणखी वाढेल, या भीतीने ती ट्यूब अजून उघडलेलीही नाही.

संप्रेरक म्हणजे खत आणि मज्जातंतू म्हणजे रोप, असे चित्र मनात धरले तर हे कोडे सुटणार नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या विषयाची किल्ली दुसरीकडे आहे. बहुतेक ठिकाणी लैंगिक संप्रेरक मज्जातंतूला थेट काही सांगत नाही. ते अवयवाच्या पेशींना सांगते, आणि आपल्याकडे कोणते मज्जातंतू, किती आणि किती काळ ठेवायचे, हे तो अवयव ठरवतो. त्यामुळे एकच इस्ट्रोजेन एका जागी मज्जातंतू टिकवते आणि दुसऱ्या जागी मागे सारते, यात विसंगती राहत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय सुरू करण्यापूर्वी मी काही वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवत होते. श्रोणीच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या पोकळीच्या, विच्छेदनाच्या दिवशी मी मुलांना हमखास एक गोष्ट करायला लावत असे. गुदाशय आणि गर्भाशयमुखाच्या बाजूला पिवळसर चरबीचा एक थर असतो. त्यात बोथट चिमट्याने, अजिबात घाई न करता, राखाडी-पांढऱ्या धाग्यांचे एक चपटे जाळे मोकळे करायचे. पहिल्या प्रयत्नात दहातले आठ विद्यार्थी ते साधे संयोजी ऊतक समजून कापून टाकत. गर्भाशय, योनी, मूत्राशय यांच्याकडे जाणारे बहुतेक स्वायत्त तंतू, म्हणजे आपल्या इच्छेविना काम करणारे तंतू, याच जाळ्यातून जातात, आणि त्यातल्या लहान लहान गुच्छिकांमध्ये (चेतापेशींच्या गाठींमध्ये) अनुकंपी (ताणाच्या प्रसंगी काम करणाऱ्या) आणि परानुकंपी (विश्रांतीच्या वेळी काम करणाऱ्या) अशा दोन्ही जातींच्या चेतापेशी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. शरीरात अन्यत्र अशी सरमिसळ सहसा आढळत नाही. विच्छेदनाच्या टेबलावर मात्र हे जाळे कायमचे आखलेल्या वायरिंगसारखे दिसते, आणि मलाही कितीतरी वर्षे ते तसेच वाटत होते. प्रत्यक्षात ते आयुष्यभर बदलत असते.

आता मुळापासून पाहू. रीटा लेव्ही-मोन्टाल्चिनी यांनी कोंबडीच्या भ्रूणांवर केलेल्या कामातून आणि पुढे स्टॅन्ली कोहेन यांच्याबरोबर केलेल्या शोधातून हे स्पष्ट झाले की, ज्या ऊतकाकडे मज्जातंतू जातो ते ऊतक एक पोषक प्रथिन स्रवते आणि त्यावर त्या चेतापेशीचे जगणे अवलंबून असते. हे प्रथिन म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, संक्षेपाने एनजीएफ. या कामासाठी दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भ्रूणावस्थेत चेतापेशी गरजेपेक्षा जास्त निर्माण होतात. ज्यांना आपल्या अवयवाकडून पुरेसे पोषण मिळते त्या टिकतात, बाकीच्या मरतात. आपल्या विषयाशी थेट संबंधित अशी एक गोष्ट त्या काळातच लक्षात आली होती: नर उंदराच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीत एनजीएफ मादीच्या तुलनेत कितीतरी जास्त असते, आणि मादीला टेस्टोस्टेरॉन दिले की तिच्यातही ते वाढते. म्हणजे पोषण देणाऱ्या अवयवाचा हात सैल करायचा की आखडता ठेवायचा, हे संप्रेरक ठरवू शकते.

प्रजनन अवयवांच्या बाबतीत याचा सर्वांत चांगला अभ्यासलेला दाखला उंदराच्या मज्जारज्जूत सापडतो, आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनीला तो जवळचा वाटावा, कारण त्यातला स्नायू तुमच्या क्षेत्रात पेल्व्हिक फ्लोअरच्या, म्हणजे श्रोणीतळाच्या, व्यायामात येतो तोच आहे. बल्बोकॅव्हर्नोसस स्नायूला चालना देणाऱ्या चेतापेशींचा एक लहानसा पुंजका मज्जारज्जूच्या कमरेच्या भागात असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत मार्क ब्रीडलव्ह आणि आर्थर अर्नोल्ड यांनी १९८० मध्ये दाखवले की प्रौढ नर उंदरात या पुंजक्यात सुमारे २०० चेतापेशी असतात आणि मादीत त्याच्या साधारण एक तृतीयांश. जन्माच्या सुमारास मात्र नर-मादीत एवढे अंतर नसते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मादीतला स्नायू विरून जातो आणि त्याच्या मागोमाग चेतापेशीही मरतात. त्या दिवसांत मादी पिल्लाला टेस्टोस्टेरॉन दिले तर स्नायूही राहतो आणि चेतापेशीही राहतात.

हे टेस्टोस्टेरॉन चेतापेशीला वाचवते की स्नायूला? या प्रश्नाचे उत्तर ज्या प्रयोगाने मिळाले तो मला अजूनही फार देखणा वाटतो. अँड्रोजेनचा (टेस्टोस्टेरॉन ज्या गटात मोडते त्या संप्रेरकांचा) रिसेप्टर, म्हणजे त्यांचा निरोप टिपणारे पेशीतले प्रथिन, बनवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. एका एक्सवर ते बिघडलेले आणि दुसऱ्यावर शाबूत असलेली मादी घेतली, तर तिच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद झालेला असल्याने काही चेतापेशींना टेस्टोस्टेरॉनची भाषा कळते आणि शेजारच्याच काहींना अजिबात कळत नाही. अशा माद्यांना जन्माच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन दिले, तेव्हा संप्रेरकाला बहिऱ्या असलेल्या चेतापेशीही इतरांच्या बरोबरीने वाचल्या. म्हणजे वाचवण्याचा निरोप त्यांना बाहेरून मिळाला होता, आणि सगळा पुरावा स्नायूकडे बोट दाखवतो. टेस्टोस्टेरॉनने स्नायू टिकवला आणि स्नायूने आपल्या चेतापेशी टिकवल्या.

माणसात याच्याशी जुळणारा पुंजका मज्जारज्जूच्या त्रिकास्थी भागात आहे. १८९९ मध्ये ओनुफ्रोविच यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून तो ओनुफचा पुंजका म्हणून ओळखला जातो. मूत्रमार्ग आणि गुदद्वाराचे ऐच्छिक आवळणारे स्नायू तो चालवतो. पुरुषांत त्यातल्या चेतापेशी स्त्रियांपेक्षा काहीशा जास्त असतात, पण उंदरांइतका फरक नाही. कारणही सरळ आहे: बाईच्या शरीरात बल्बोकॅव्हर्नोसस स्नायू विरून जात नाही, तो योनीमुखाभोवती आयुष्यभर राहतो. स्नायू राहिला, म्हणून त्याच्या चेतापेशीही राहिल्या.

अवयव मज्जातंतूला आश्रय देतो, तसा तो त्याला हुसकावूनही लावू शकतो. डेव्हिड गिंटी यांच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये उंदराच्या भ्रूणातील स्तनग्रंथीवर प्रसिद्ध केलेल्या कामात हे दिसते. संवेदी तंतू नर आणि मादी दोघांच्याही स्तनग्रंथीपर्यंत सारखेच येऊन पोहोचतात, कारण तिथल्या पेशी बीडीएनएफ नावाचे पोषक प्रथिन स्रवत असतात. नराच्या भ्रूणात मात्र अँड्रोजेनच्या प्रभावाखाली ग्रंथीभोवतालच्या पेशी त्या प्रथिनाचा एक अर्धवट रिसेप्टर आपल्या पृष्ठभागावर आणतात. तो प्रथिन पकडून ठेवतो, पण मज्जातंतूपर्यंत पोहोचू देत नाही. अन्न समोर असून ताटात पडत नाही, अशी त्या तंतूंची अवस्था होते, आणि अल्पावधीत ते मागे हटतात. मादीत ते राहतात आणि पुढे पिल्लाला पाजताना उपयोगी पडतात.

मानवी गर्भात वृषणातून टेस्टोस्टेरॉन साधारण आठव्या आठवड्यापासून स्रवू लागते आणि पहिल्या तिमाहीच्या शेवटी व दुसरीच्या सुरुवातीला त्याची पातळी सर्वांत जास्त असते. त्याआधी बाह्य जननेंद्रियाचा अंकुर मुलगा आणि मुलगी दोघांत सारखाच असतो, आणि त्यात शिरणारा मज्जातंतूही एकच असतो. अँड्रोजेन मिळाले की त्या अंकुराचे शिश्न होते, नाही मिळाले तर भगशिश्निका. इथे एक गैरसमज आवर्जून दूर करायला हवा, कारण तो डॉक्टरांमध्येही आढळतो: अँड्रोजेन न मिळालेला अवयव म्हणजे मज्जातंतूंचा तुटवडा असलेला अवयव, असे अजिबात नाही. भगशिश्निकेत ८,००० मज्जातंतू असतात, हा आकडा अनेक वर्षे सर्वत्र फिरत होता. तो मुळात जनावरांवरच्या अभ्यासातून आला होता. मानवी ऊतकावर प्रत्यक्ष मोजणी अगदी अलीकडे, २०२२ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन येथे झाली आणि सरासरी १०,००० हून अधिक तंतू भरले. एवढे तंतू इतक्या लहान जागेत येतात, म्हणून तिथली संवेदना तीव्र असते. अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीच्या जन्मजात विकारामुळे भगशिश्निका मोठी दिसणाऱ्या मुलीवर शस्त्रक्रियेचा विषय निघतो, तेव्हा "थोडे कमी करू" हे शब्द इतक्या सहज उच्चारले जातात की माझा जीव वर-खाली होतो. त्या थोड्यात काय काय जाते, हे आईवडिलांना आधी सांगितलेच पाहिजे.

मी वर "बहुतेक ठिकाणी" असे लिहिले, कारण अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. उंदराच्या त्याच स्नायूच्या चेतापेशी प्रौढ वयात टेस्टोस्टेरॉनमुळे आकाराने मोठ्या राहतात, आणि हा परिणाम मात्र थेट त्या पेशींवर होतो. वरच्यासारख्याच मिश्र माद्यांमध्ये तेही तपासले गेले आहे. श्रोणीच्या गुच्छिकांतील काही चेतापेशींनाही स्वतःचे अँड्रोजेन आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर असतात. नर उंदराचे वृषण काढले की या पेशी आकसतात, आणि शिश्नात रक्त भरण्यासाठी लागणारे नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकरही (एन्झाइमही) कमी होते. काही ठिकाणी तर दिशाच उलटी असते. कृंतकांमध्ये, म्हणजे उंदरांसारख्या प्राण्यांमध्ये, वृषण पोटातून खाली उतरताना जेनिटोफेमोरल (जननेंद्रिय आणि मांडीकडे जाणाऱ्या) मज्जातंतूची मदत लागते. तो कापला तर वृषण उतरत नाही. तिथे अँड्रोजेनचा निरोप काही अंशी मज्जातंतूमार्फत अवयवाकडे जातो, असे मेलबर्नच्या जॉन हटसन यांचे प्रतिपादन आहे. माणसात हे तितकेसे स्पष्ट झालेले नाही.

आता गर्भाशय. उंदराच्या मादीचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे असते, आणि तेवढ्या अवधीतही इस्ट्रोजेन वाढले की गर्भाशयाच्या स्नायुथरातले अनुकंपी तंतू विरळ होतात आणि ते उतरले की परत दाट होतात. वयात न आलेल्या मादीला इस्ट्रोजेन दिले तरी हेच घडते. यामागचे कारण पुन्हा अवयवाच्या बाजूला सापडते. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली गर्भाशयात बीडीएनएफ वाढते. स्तनातल्या संवेदी तंतूंना पोसणारे हेच प्रथिन अनुकंपी तंतूंना, त्यांच्यावरच्या वेगळ्या रिसेप्टरमार्फत, माघार घ्यायला लावते. गरोदरपणात ही माघार कमालीची होते. दिवस भरलेल्या मानवी गर्भाशयाच्या मुख्य भागात अनुकंपी तंतू जवळजवळ दिसत नाहीत, गर्भाशयमुखात मात्र बऱ्याच प्रमाणात राहतात. गर्भाशयाचा स्नायू ताणला जाणे हेही त्याचे एक कारण आहे, पण तेवढ्याने भागत नाही, कारण गिनीपिगच्या दोन शिंगांच्या (शाखांच्या) गर्भाशयात गर्भ नसलेल्या बाजूच्या शिंगातही तंतू कमी होतात. ताणतणावाच्या प्रत्येक प्रसंगी रक्तवाहिन्या आवळणारे आणि स्नायूला आकुंचनाची आज्ञा देणारे तंतू त्या नऊ महिन्यांत दूर राहिले, तर ते बाळाच्या फायद्याचेच आहे, असा याचा अर्थ लावला जातो आणि मला तो पटतो. बाळंतपणानंतर तंतू हळूहळू परततात.

म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागातली अडचण "मज्जातंतू" हा एकच शब्द वापरल्याने निर्माण झाली आहे. स्नायू चालवणारे, रक्तवाहिन्या आवळणारे, स्पर्श सांगणारे आणि वेदना सांगणारे तंतू निरनिराळे असतात, आणि अवयव त्यांना एकाच मापाने वागवत नाही.

आईच्या आगीचे उत्तर इथूनच मिळते. अंडाशय काढलेल्या उंदराच्या योनीभित्तिकेत अनुकंपी तंतू आणि वेदनावाहक संवेदी तंतू दोन्ही दाट होतात, आणि इस्ट्रोजेन परत दिले की विरळ होतात. कॅन्सस विद्यापीठातील पीटर स्मिथ यांच्या गटाने हे दाखवले आणि २०१२ मध्ये पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मोजक्या नमुन्यांतही तोच कल नोंदवला: संप्रेरक उपचार घेणाऱ्या स्त्रियांत तंतूंची घनता कमी होती, आणि योनीमार्गात क्रीम लावणाऱ्यांत तर आणखी कमी. म्हणजे पाळी गेल्यावर तिथले तंतू सुकत नाहीत, उलट वाढू शकतात, आणि नेमके नको ते वाढतात. वेदना सांगणारे वाढले की आग होते, रक्तवाहिन्या आवळणारे वाढले की रक्तपुरवठा आणि ओलावा कमी होतो. त्यात वरचा थर पातळ झालेला असतो, पेशींतली शर्करा घटल्याने लॅक्टोबॅसिलस जिवाणू कमी होतात आणि आम्लता उतरते. पातळ झालेल्या त्वचेखाली दाट झालेले वेदनातंतू, अशी ती जोडी आहे. याउलट, इस्ट्रोजेन दिलेल्या उंदराच्या मादीत प्युडेंडल नर्व्हचे (जननेंद्रियाच्या भागाची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूचे) स्पर्श ओळखणारे क्षेत्र मोठे होते, हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नोंदवले गेले आहे. तेव्हा क्रीमने "संवेदना वाढते" हे अगदीच खोटे नाही, पण वाढतो तो स्पर्श, वेदना नव्हे.

काही वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्यावरून येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका दोन वर्षे बुरशीवरची औषधे लावून दमल्या होत्या. लघवीच्या आणि स्रावाच्या सगळ्या तपासण्या निर्दोष होत्या. शेवटी एका ठिकाणी त्यांना "आता या वयात मन दुसरीकडे रमवा" असे सांगण्यात आले होते. मी कापसाची काडी पाण्यात भिजवली आणि योनीमुखाच्या कडेने, घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे, एकेक ठिकाणी अगदी हलकी टेकवली. बारावर काही नाही, तीनवर काही नाही. पाचवर टेकवताच त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि म्हणाल्या, "हेच. इथंच निखारा आहे." कापसाच्या ओल्या स्पर्शाने एखाद्याला निखारा आठवतो, तेव्हा तो मनाचा खेळ नसतो; तिथल्या तंतूंची अवस्था बदललेली असते. बाईंना बरे वाटायला जवळपास तीन महिने लागले. त्यात क्रीम होते आणि आवळून धरलेले श्रोणीतळाचे स्नायू सैल करायला शिकवणाऱ्या, तुमच्याच क्षेत्रातल्या एका तज्ज्ञही होत्या.

याच संदर्भात गर्भाशय काढण्याबद्दल थोडे लिहिते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तो योग्यच होता. तरुण वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर इतरांत काही वर्षांत हळूहळू घडणारा बदल त्या बाईत काही दिवसांत घडतो. शिवाय गर्भाशयमुखाशेजारचे जे जाळे मी विद्यार्थ्यांना सोडवायला लावत असे, त्याचा काही भाग कापला जातो तो वेगळाच. गरज असेल तेव्हा ही शस्त्रक्रिया मी स्वतः करते. पण नंतर येणाऱ्या आगीबद्दल, कोरडेपणाबद्दल आणि लघवीच्या तक्रारींबद्दल तिला आधी सांगितले गेले होते का, हे मी प्रत्येक वेळी विचारते आणि उत्तर बहुधा नकारार्थी येते.

एंडोमेट्रिओसिसचाही उल्लेख हवा, कारण तिथे चित्र वरकरणी उलटे दिसते. या आजारात गर्भाशयाबाहेर रुजलेले अस्तर स्वतः इस्ट्रोजेन तयार करते, आणि त्या जागी संवेदी तंतू वाढतात तर अनुकंपी तंतू त्या मानाने कमी असतात. इथे मध्यस्थ असतात त्या मॅक्रोफेज, म्हणजे सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली मज्जातंतू या पेशींना बोलावतात आणि या पेशी मज्जातंतूंना वाढवतात. एडिनबरोच्या गटाने २०१५ मध्ये ही देवघेव सविस्तर मांडली. सिडनीच्या संशोधकांनी २००६ मध्ये या आजाराच्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तराच्या वरच्या थरात बारीक मज्जातंतू आढळल्याचे लिहिले, तेव्हा अस्तराचा तुकडा घेऊन निदान करता येईल अशी आशा निर्माण झाली. पुढे ती चाचणी पुरेशी विश्वासार्ह ठरली नाही. कोणी त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. इस्ट्रोजेन इथे वेदनेच्या बाजूने उभे राहते, कारण ज्या ऊतकाला ते निरोप देते ते ऊतकच जागा सोडून आलेले आणि सुजलेले असते.

आता तुमच्या आईबद्दल. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला असेल तर क्रीमच्या आधी त्याचे कारण शोधले पाहिजे, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये. या दोन्ही गोष्टी नसतील, तर ट्यूब उघडावी. नेहमीची पद्धत म्हणजे पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा. मात्रा तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिली असेल तीच ठेवावी. रक्तात त्याचा फार थोडा अंश जातो. सुरुवातीचे काही दिवस पातळ त्वचेला क्रीमचाच थोडा चुरचुरा लागू शकतो, तेवढ्यावरून ते बंद करू नये. साबण आणि सुगंधी द्रावणे त्या भागाला लावू नयेत, संबंधाच्या वेळी पाण्यात विरघळणारे वंगण वापरावे. ओलावा काही आठवड्यांत परततो, तंतूंना थोडा जास्त वेळ लागतो. तीन महिन्यांनीही एखाद्या ठरावीक जागी आग कायम असेल, तर ओल्या कापसाच्या काडीने ती जागा तपासून घ्यावी आणि श्रोणीतळाचे स्नायू आवळलेले आहेत का तेही पाहून घ्यावे. ही दुसरी तपासणी कशी होते, हे तुम्ही याच वर्षी शिकणार आहात.